कोणत्या जिल्ह्याची पेशंट?

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक नवी सून आली आहे. परवा ती माझ्या दारात उभी, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. "काकू, तुमच्या हृदयाची झडप बदललीय ना? मलापण तेच सांगितलंय. खूप दुखतं का?"

मी तिला आत बसवलं, चहा टाकला. चहा उकळेपर्यंत विचार करत होते, हिला काय सांगावं. दुखतं, पण छातीचं दुखणं माणूस विसरतो. मला आठवतं ते सगळं वेगळंच. ते सांगता सांगता संध्याकाळ झाली. जाताना ती म्हणाली, "काकू, हे लिहून ठेवा." म्हणून लिहितेय. माझी शाळा नववीपर्यंतच झाली, तेवढं सांभाळून घ्या.

शिरवण्याची खोली

नव्वदीची मधली वर्षं. मी सव्वीसची होते, माझी रूपा चार वर्षांची. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, जावळीच्या डोंगरात. माझे मिस्टर वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी वाहायचे. हमालांच्या टोळीत त्यांचं स्वतःचं नाव नव्हतं. गावाकडचा एक जण पाठ धरली म्हणून घरी बसला होता, त्याच्या जागी हे बदली जायचे. ज्यांची नोंद होती त्यांना दवाखाना होता, रजा होती. आम्हाला नुसतं काम होतं. मीही त्याच मार्केटात एका गाळ्यावर कांदा निवडायला बसायची.

राहायला आम्ही नव्या मुंबईत, नेरूळजवळच्या शिरवणे गावात होतो, हिराबाईंच्या घरामागच्या खोलीत. त्या आगरी, तिथल्याच मूळच्या. सगळं गाव त्यांना नानी म्हणायचं, मग आम्हीही. त्यांची शेतं नव्या शहरात गेली होती. राहिलेल्या अंगणाच्या मागे त्यांच्या मुलाने, जनार्दनदादाने, तीन पत्र्याच्या खोल्या काढल्या होत्या, त्यातली शेवटची आमची. त्या खोल्यांना कसली परवानगी नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

आज नेरूळमध्ये फिरताना मला ते दिवस शोधूनही सापडत नाहीत. तेव्हा गावाच्या बाहेर पडलं की मोकळे प्लॉट, त्यात कमरेएवढं गवत, मध्येच एखादी रंग न दिलेली बिल्डिंग. खाडीकडून वारा आला की सुक्या मासळीचा वास, उलटा फिरला की कारखान्यांचा. नानी अंगणात सुकट निवडत बसायच्या आणि रूपा त्यांच्या मांडीला टेकून. आम्ही गरीब होतो, पण त्या अंगणात बसल्यावर ते विसरायला व्हायचं.

हृदयातला आवाज

आधी दम लागायला लागला. गाळ्यावर पायऱ्या होत्या सहा. त्या चढताना मला दोनदा थांबावं लागायचं. बायका म्हणायच्या, "मंगल, दमा हाय का गं तुला?" जवळच्या एका डॉक्टरनेही दमाच सांगितला. वर्षभर त्याच्या गोळ्या खाल्ल्या. आडवं झालं की गुदमरायला व्हायचं, म्हणून भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोपायची.

एका सकाळी तोंड धुताना थुंकीत रक्त दिसलं. मी ते पाण्याने ओतून टाकलं आणि कोणाला सांगितलं नाही. मनात एकच नाव आलं, टीबी. टीबी झाला म्हणून गावात एका बाईला गोठ्यात ठेवलेलं मी लहानपणी पाहिलं होतं. तीन दिवसांनी परत रक्त आलं, तेव्हा मी रूपाला नानींकडे सोडून एकटीच महापालिकेच्या दवाखान्यात गेले.

तिथे एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी छातीला नळी लावली आणि काढेचनात. बाहेर रांग खोळंबली. मग त्यांनी विचारलं, "लहानपणी कधी सांधे सुजले होते? ताप येऊन?"

सुजले होते. मी नऊ-दहा वर्षांची असताना गुडघे एवढाले झाले होते. आईने निर्गुडीचा पाला बांधला आणि महिन्याने मी परत पळायला लागले.

"टीबी नाहीये," त्या म्हणाल्या. "तुमच्या हृदयात आवाज आहे."

मी हसलेच. आवाज तर सगळ्यांच्याच हृदयात असतो, असं मला वाटलं. टीबी नाही या आनंदात मी परत येताना रूपाला केळी घेतली. माझ्या आजाराचा पहिला दिवस असा मी सणासारखा साजरा केला.

तो दिवस

त्यांनी चिठ्ठी देऊन मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं. या वेळी हे बरोबर होते. तपासण्यांत दोन दिवस गेले. शेवटी एका तरुण डॉक्टरने केसपेपरच्या मागे पेनाने एक दार काढून दाखवलं.

"हे दार असं उघडायला हवं. तुमचं एवढंच उघडतंय. लहानपणीच्या त्या तापाने ते चिकटलं, आता दगडासारखं झालंय. बदलावं लागेल."

"दार बदलायचं?" हे म्हणाले.

"झडप. ऑपरेशन इथे होईल, त्याचं काही पडत नाही. पण झडप बाहेरून विकत आणावी लागते, ती पेशंटने आणायची." त्याने किंमत सांगितली. मी यांच्याकडे पाहिलं. हे त्या चित्राकडेच पाहत होते. मग डॉक्टर माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "आणि आता मूल नको. पुढेही नको. जीवावर बेतेल."

बाहेर येऊन आम्ही एका कट्ट्यावर बसलो. यांनी मला उसाचा रस आणून दिला, स्वतःला घेतला नाही.

"दम लागतो तर आधी बोलायचं न्हाई का?"

"बोलले होते. तुम्हीच म्हणालात दमा हाय."

त्यांनी माझ्या हातातला रिकामा ग्लास घेतला, परत करून आले आणि परत जागेवर बसले. आम्ही दोघं एकाच गोष्टीचा विचार करत होतो असं मला तेव्हा वाटलं. नंतर कळलं, ते झडपेचा विचार करत होते आणि मी न होणाऱ्या मुलाचा.

दोन उत्तरं

हॉस्पिटलच्या जिन्याखाली एक अरुंद खोली होती. दारावर पाटी, समाजसेवा विभाग. आत सामंत मॅडम बसायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, कानामागे पेन्सिल, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. मी खुर्चीत बसताच रडायला लागले. त्या म्हणाल्या, "पाच मिनिटं रडून घ्या. मग कागद काढू."

मला राग आला होता. आज वाटतं, त्या हॉस्पिटलात मला कोणी रडायला वेळ दिला असेल तर तो त्यांनीच.

त्यांनी समजावलं. गरीब पेशंटसाठी सरकार प्रत्येक जिल्ह्याकडे थोडे पैसे ठेवतं. आपल्या जिल्ह्यात अर्ज करायचा, तिथल्या साहेबांनी मंजूर केला की पत्र हॉस्पिटलला येतं आणि झडपेचं बिल त्यातून भागतं. मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला.

"जिल्हा कोणता?"

"सातारा," हे म्हणाले.

"ठाणे," मी म्हणाले.

दोघं एकदमच बोललो. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आधी हे ठरवा."

ठरवणार कसं? रेशनकार्ड सासऱ्यांच्या नावावर, गावचं. मतदार यादीत नावं गावाला. आणि आम्ही राहतो पाच वर्षं शिरवण्याला, रूपा जन्मली ती इथल्याच दवाखान्यात. शिरवण्यात आम्हाला सगळे 'सातारचे' म्हणायचे, आणि गावी गेलो की 'मुंबईवाले आले'.

हे आधी साताऱ्याला गेले. तिथल्या कारकुनाने बसायला स्टूल दिलं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "कार्ड इथलं आहे खरं, पण वहिनी राहतात कुठं? हा पैसा जिल्ह्यात राहणाऱ्यांसाठी. तुम्ही ठाण्याला अर्ज करा." मग ठाण्याला गेले. तिथे सांगितलं, "कार्ड सातारचं दिसतंय. तिकडेच करा." असं तीनदा झालं. प्रत्येक फेरीला एक दिवसाचा खाडा.

कोणी पैसे मागितले नाहीत. कोणी हाकललं नाही. दोन्हीकडची माणसं सभ्य होती आणि दोघांचंही कागदाप्रमाणे बरोबर होतं. मला त्याचीच जास्त भीती वाटली, कारण भांडायला समोर कोणी नव्हतं.

घरातलं

दुसऱ्यांदा साताऱ्याला गेले तेव्हा हे गावीही जाऊन परतले. तिसऱ्या दिवशी मी लसूण सोलत होते, हे बाजूला येऊन बसले आणि माझ्यासमोरचा अर्धा लसूण स्वतःकडे ओढून सोलायला लागले.

"आई म्हणाली, तिला माहेरी सोड."

मी हात थांबवला नाही. "आणि?"

"म्हणाली, तुझं वय काय, पुढचं बघ. एक पोरगी, परत पोर होणार न्हाई."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार. ताट वाढलं हुतं, तसंच ठेवून उठलो. स्टँडवर येऊन केळं खाल्लं."

हे आयुष्यात कधी गोड बोलले नाहीत. पण ते न जेवलेलं ताट माझ्या लक्षात राहिलं. सासूबाईंवर मी पुष्कळ वर्षं डूख धरला. त्यांच्या शेवटच्या आजारात मीच त्यांची सेवा करत होते, आणि तेव्हा त्यांनी स्वतःच तो विषय काढला. त्यांची थोरली बहीण बाळंतपणात अशीच दम लागून गेली होती. त्यांना वाटलं होतं मीही जाणार, आणि मुलाने त्यापायी सगळं विकून टाकू नये. हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, इतकंच म्हणते.

अंगठा

आम्ही परत सामंत मॅडमकडे गेलो. त्या चिडल्या, पण आमच्यावर नाही. "नाही म्हणाले ते तोंडी की लेखी?"

"तोंडी."

"तोंडी नाही म्हणजे काहीच नाही. साताऱ्याहून लिहून आणा की ही बाई आमच्याकडे राहत नाही. तो कागद ठाण्याला दाखवा."

ही एवढी गोष्ट वाचणाऱ्याने नक्की लक्षात ठेवावी. नकार मिळाला तर तो लिहून मागा. आमच्या फायलीतला सगळ्यात कामाचा कागद तो नकारच ठरला.

तो मिळाला. आता ठाण्याला एकच गोष्ट हवी होती, मी इथे राहते याचा पुरावा. म्हणजे घरमालकाने स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं.

मी नानींना विचारलं तेव्हा जनार्दनदादा तिथेच होता. तो उठून उभा राहिला. "नाय जमाचा. कागदावर भाडोत्री लिवला की खोली सरकारला दिसली. उद्या पयली नोटीस आमाला."

"दादा, फक्त माझ्या दवाखान्यासाठी..."

"बाबानी पन एका कागदावर अंगठा लावला व्हता. दुसराच कायतरी सांगितला व्हता त्याना. जमीन गेली ना?"

त्याचं काही चुकत नव्हतं. मी मान खाली घालून उठले. नानी खाली मान घालून सुकट निवडत होत्या, त्यांनी वर पाहिलंही नाही. त्या दिवशी मी यांना सांगितलं, आता धावपळ पुरे. गोळ्यांवर जितकं होईल तितकं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला दारात नानी. लुगडं नीट कसलेलं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, काखेत पिशवी.

"चल गो. ठान्याला जाव."

"दादा?"

"त्यो कामाव गेलाय."

बसमध्ये ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांच्या भिंती मागे जात होत्या. नानी खिडकीतून बघत एकदाच म्हणाल्या, "ह्या सगला मिठागर नि भात व्हता." मी त्यांचा हात धरून बसले होते. भीती मला वाटत होती का त्यांना, कोण जाणे.

कचेरीबाहेर झाडाखाली टायपिस्ट बसायचे. एकाने नेहमीचा मजकूर टाइप करून दिला. नानींना वाचता येत नव्हतं. त्यांनी त्याच्याकडून तो दोनदा मोठ्याने वाचून घेतला. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी त्याला थांबवलं.

"त्या 'भाडोत्री' कशाला लिवलाय? काढ. माज्या घरान राहते असा लिव."

"आजी, तसा फॉर्म नसतो."

"तू लिव. अंगठा माजा हाय."

त्याने कागद बदलला, परत टाइप केलं. 'सदर महिला माझ्या घरात राहते.' नानींनी अंगठा उमटवला आणि शाई लुगड्याला लागू नये म्हणून तो हात तसाच वर धरून ठेवला.

कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. मी चार पायऱ्या चढले आणि कठड्याला धरून खाली बसले. ओठ निळे पडले होते, असं नानी नंतर सांगायच्या. वरून शिपाई ओरडला, पेशंटला सही करायला वर आणा. नानी खालूनच ओरडल्या, "सायबाला खाली बोलव! पोरगी जिन्यान मेली त कनच्या जिल्ह्यान लिवशील?"

सगळी कचेरी बाहेर डोकावली. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण एक अव्वल कारकून, टक्कल पडलेले, चष्मा कपाळावर चढवलेला, खरंच खाली उतरून आले. माझ्या शेजारी पायरीवर बसले. त्यांनी साताऱ्याचं पत्र वाचलं, नानींचा कागद वाचला, हॉस्पिटलचा खर्चाचा अंदाज वाचला.

"सातारा म्हणतंय, आमची नाही," ते म्हणाले. "म्हणजे आता उरली ती आमचीच." आणि तिथेच गुडघ्यावर फाईल ठेवून त्यांनी शेरा मारला.

मला त्यांचं नावही माहीत नाही. विचारायचं राहिलं.

वॉर्ड

पुढे तलाठी खोली पाहून गेले, उत्पन्नाचा दाखला निघाला, आणि पत्र यायच्या आधीच मला भरती केलं, कारण तब्येत ढासळत होती. बायकांचा तो वॉर्ड लांबलचक होता. उंच छत, खिडकीबाहेर बदामाचं झाड. पहाटे फरशी पुसायच्या वासाने जाग यायची. मग चहा, मग वजन, मग मोठे डॉक्टर आणि त्यांच्यामागे शिकाऊ मुलांचा घोळका. माझा आवाज म्हणे फार चांगला ऐकू यायचा, म्हणून प्रत्येक मुलगा नळी लावून जायचा. वॉर्डातल्या बायका म्हणायच्या, "मंगलचा रेडिओ लावला बघ."

संध्याकाळी भेटायच्या वेळेला हे यायचे. आंघोळ करून आले तरी अंगाला कांद्याचा वास. दारात दिसले की शांतामावशी, आमच्या आयाबाई, हाक द्यायच्या, "आले गं तुझे कांदेवाले!" घरी कधी चार शब्द न बोलणारा हा माणूस तिथे माझे केस विंचरून द्यायचा, सगळ्यांदेखत. वाकडा भांग पडायचा. मी तसाच ठेवायची.

रूपा नानींकडे होती. एका रविवारी तिला आणलं. ती कॉटला धरून म्हणाली, "आये, तू कवा येशील? मना नानी भाकर देते." पोरगी पक्की आगरी झाली होती. मला हसू आलं आणि हसताना दम लागला.

माझ्या शेजारच्या कॉटवर गंगू होती. जालन्याकडची. तळोज्याला रस्त्याच्या कामावर खडी टाकायची. तिचंही दार तसंच चिकटलेलं. तिला विचारलं, कुठे राहतेस, तर म्हणायची, "जिथं रस्ता सरंल तिथं." सामंत मॅडम तिच्यासाठी झटल्या. मुकादमाला बोलावलं, तो आला नाही. तिच्या गावाला पत्र गेलं, त्याचं उत्तर आलं नाही. तिला स्टॅम्प पेपरवर 'माझ्या घरात राहते' असं लिहून देणारं कोणी नव्हतं. कारण घरच नव्हतं.

एका सकाळी तिचा नवरा आला. काम पुढे पेणकडे सरकलं होतं. गंगूने गोळ्यांची पुडी कनवटीला लावली, माझ्या उशाशी तिची पावडरची डबी ठेवली. "लाव, बरी दिसशील," म्हणाली. मॅडम धावत आल्या, दारात तिला थांबवून बराच वेळ समजावत होत्या. ती मान डोलवत होती. मग गेली. तिचं पुढे काय झालं, मला कधीच कळलं नाही. तिचा जिल्हा ठरलाच नाही.

त्यानंतर चार दिवसांनी मॅडम वॉर्डात आल्या. त्या कधी वॉर्डात यायच्या नाहीत. मी उठून बसले. "ठाण्याचं पत्र आलं," एवढंच बोलून त्या वळल्या. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण डोळे शेजारच्या कॉटवर गेले. तिथे नवीन पेशंट आली होती.

बांगड्या

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी अंगावरचं सगळं काढतात. मंगळसूत्र, जोडवी यांच्या हातात दिली. राहिल्या हिरव्या बांगड्या. सिस्टर म्हणाली, फोडून टाका, वेळ नाही. मी दोन्ही हात मागे घेतले. नवऱ्यासमोर हातातल्या बांगड्या फोडायच्या?

शांतामावशी साबणाचं पाणी घेऊन आल्या. एरवी त्या अंगावर ओरडल्याशिवाय बोलायच्या नाहीत. खाली बसून त्यांनी एकेक बांगडी सरकवत काढली, अर्धा तास लागला. सगळ्या अख्ख्या. रुमालात बांधून म्हणाल्या, "फोडायच्या कशाला? आठ दिवसांनी परत घालायच्यात."

त्या आठ दिवस म्हणाल्या म्हणून मला वाटलं, आठ दिवसांनी मी असेन.

शुद्ध आली तेव्हा घशात नळी, हात बांधलेले. जवळ कुठेतरी घड्याळ चालत होतं, टिक, टिक, टिक. फार वेळ झाला तरी कळेना कुठे आहे. डोळे फिरवून भिंती बघत होते. सिस्टरच्या लक्षात आलं. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "घड्याळ नाही. तुम्हीच."

त्यानंतर

रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची लागली, महिन्याला तपासणी कायमची. आजही घेते. शांत खोलीत कोणी शेजारी बसलं तर झडपेची टिकटिक ऐकू जाते. शिरवण्याला परत आले तेव्हा नानींनी कान लावून ऐकलं आणि सगळ्या आळीला सांगून आल्या.

जनार्दनदादा मात्र माझ्याशी बोलायचा थांबला. आईशीही महिनाभर बोलला नव्हता. अंगणात समोरासमोर आलो की तो वाट बदलायचा. पुढच्या वर्षी यांचं टोळीत नाव लागलं आणि आम्ही सानपाड्याला भाड्याने गेलो. जाताना दादा घरात नव्हता.

ऑपरेशनला दोन वर्षं झाली असतील. मार्केटात एका बाईने सांगितलं, शिरवण्यात नोटिसा आल्या होत्या, आज सकाळी खोल्या पाडल्या. मी हातातला कांदा टाकून निघाले.

त्या आळीतली सात-आठ बांधकामं गेली होती. नानींच्या घरामागच्या तिन्ही खोल्यांच्या जागी विटांचा आणि पत्र्यांचा ढीग. नानी अंगणात खाटेवर बसल्या होत्या. जनार्दनदादा ढिगातून धड विटा वेचून पाटीत टाकत होता.

मी नानींजवळ खाली बसले. वाटेत ठरवलेलं सगळं विसरले आणि एकदम विचारलं, "नानी, तो कागद केला नसता तर खोल्या राहिल्या असत्या का?"

त्यांनी पदराने खाटेवरची धूळ झटकली.

"मना नाय ठाव," त्या म्हणाल्या. "राह्यल्या असत्या, नसत्या. तू राह्यली नसती, ह्यो मना ठाव हाय."

मला वाटलं होतं त्या म्हणतील, नाही गं, तुझ्यामुळे काही नाही झालं. तसं त्या म्हणाल्या नाहीत. आजही मला त्याचं उत्तर माहीत नाही, आणि ते तसंच घेऊन जगायचं असतं, हे त्या अंगणात कळलं.

मी पदर खोचला आणि ढिगाकडे गेले. जनार्दनदादाने वर पाहिलं. मग विटांनी भरलेली पाटी त्याने पायाने माझ्याकडे सरकवली.

"उचलंल?"

दोन वर्षांत माझ्याशी बोललेला त्याचा पहिला शब्द. मी पाटी उचलली, डोक्यावर घेतली, अंगण ओलांडून कुंपणापाशी नेऊन विटा रचल्या. परत येऊन रिकामी पाटी त्याच्यापुढे धरली. त्याने अर्धीच भरली.

"पुरी भर, दादा," मी म्हणाले.

नानीही खाटेवरून उठून आल्या आणि ऊन उतरेपर्यंत आम्ही तिघं विटा काढत होतो. मध्ये कुठेही मला थांबावं लागलं नाही.